खिळ्यावरची रोटी

तुर्गुन मास्तर अमेरिका आणि युरोप पाहून परत आले ते बारीक होऊन, आणि ओयसाराच्या मनात पहिली पाल तिथेच चुकचुकली. हौसेचा प्रवास करून माणूस बारीक होतो का कधी? आमच्या मर्गिलानची माणसं शेजारच्या कोकंदला लग्नाला जाऊन आली तरी पट्टा ढिला करतात. आणि हे तर तुर्गुन मास्तर. उभा जन्म शाळेत भूगोल शिकवला. इतरांच्या घरी भिंतीवर गालिचे असतात, यांच्या घरी नकाशे. काडीने आल्प्स दाखवता दाखवता केस पिकले, आणि म्हातारपणी एकदाचे सगळं डोळ्यांनी पाहून आले, तर चेहरा असा की मयताला जाऊन आलेत.

पण त्या दिवशी ओयसाराने ती पाल झटकून टाकली. कारण मास्तरांनी पिशवीतून फडक्यात बांधलेली तिची रोटी काढून तिच्या हातात ठेवली होती, आणि रोटीच्या कडेला एक घास चावलेला होता.

"चावली त्याने?" तिने विचारलं.

मास्तरांनी मान हलवली. ती उभी हलली की आडवी, हे बघण्याइतकी शुद्ध ओयसाराला होती कुठे? तिने रोटी कपाळाला लावली आणि भर रस्त्यात ढसाढसा रडली.

शुहरत हा तिचा थोरला. नऊ वर्षांपूर्वी अमेरिकेला गेला, तिकडे ओहायोत मालट्रक चालवतो. निघताना सगळे करतात तेच त्यानेही केलं. ताज्या रोटीचा एक घास उंबऱ्यावर उभं राहून चावला, आणि उरलेली रोटी आईने खोलीतल्या खिळ्याला टांगली. परत आला की तीच त्याने संपवायची. रोटी ओढते म्हणून माणूस घरी येतो. सैन्यात गेलेले आले, रशियात मजुरीला गेलेले आले, शुहरत तेवढा आला नाही. दरवर्षी फोनवर "पुढच्या वर्षी" म्हणायचा. रोटीचा दगड झाला, आणि गेल्या वसंतात तिचा एक तुकडा आपोआप गळून खाली पडला. त्या दिवसापासून ओयसाराला जेवण गोड लागेना.

मग मास्तर निघाले. पहिले काही दिवस न्यूयॉर्कला भाचीकडे, तिथून पुढे ओहायो, आणि परतताना युरोप, असा त्यांचा बेत होता. ओयसाराने चरबी आणि कांदा घालून टिकाऊ रोटी भाजली आणि त्यांच्या हातात दिली. "शुहरतकडून एक घास चाववून परत आणा, मास्तर. जुनी आता टिकत नाही. नवी टांगते."

शेजारच्या खोसियतने कुंपणावरून मान काढली होती. "अगं, माणूस रोटीकडे येतो. रोटी माणसाकडे निघालेली मी जन्मात ऐकली नाही. उद्या तंदूर पाठवशील."

"तुझी जीभ पाठवते. वाटेत कुणाला तरी उपयोगी पडेल."

तीच खोसियत आता चावलेली रोटी बघून मऊ झाली होती. तिची मुलगी झुलहुमोर मागावर रेशीम विणायची. गुणी मुलगी, पण अठ्ठावीस उलटली होती, आणि आमच्या मोहल्ल्यात अठ्ठावीस उलटलेल्या मुलीच्या आईची झोप उलटते. ओयसाराने शब्द टाकला, खोसियतने झेलला. येत्या गुरुवारी दोन्ही घरांनी मिळून रोटी मोडायची, म्हणजे सोयरीक पक्की, आणि वसंतात शुहरत आला की लग्न. शुहरतला फोनवर विचारलं तेव्हा तो म्हणाला, "तुम्हीच जाणा, आई." चांगल्या घरचा मुलगा स्वतःच्या लग्नाबद्दल याहून जास्त काय बोलतो? ओयसाराने तो होकार धरला.

रविवारी मास्तरांनी परत आल्याबद्दल मोहल्ल्याला पुलाव घातला. द्राक्षाच्या मांडवाखाली मोठ्या माच्यावर जेवणाचं दस्तरखान अंथरलं होतं आणि मास्तर लोडाला टेकून सांगत होते. सांगण्यात मात्र माणूस पक्का.

"व्हेनिस म्हणजे शहर नाही. पूर आलाय आणि कुणी तक्रार करत नाही, असं आहे ते. दारातून पाय टाकला की पाणी. भिंतींना खाली शेवाळ, वर खिडकीत लाल फुलं. नावाडी उभ्याने नाव चालवतो आणि वर गातो. मी म्हटलं, बाबा, आधी बस, पडशील. पण संध्याकाळी ऊन तिरकं झालं ना, की ते गढूळ पाणी डाळिंबाच्या रसासारखं होतं. मग गाण्याचं नवल वाटत नाही."

"आणि बायकांची भांडणं झाली तर?" एर्गश न्हाव्याने विचारलं. "एकमेकींच्या दारात जातात कशा?"

"नावेतून."

"म्हणजे पोचेपर्यंत राग उतरणार. आमच्याकडे कालवा खणा रे कुणीतरी."

सगळे हसले. मास्तर पुढे आल्प्सवर गेले. तिथल्या रुळांना दाते असतात आणि आगगाडी ते दाते धरून डोंगर चढते. गायींच्या गळ्यात घंटा आणि अंगाला चिखलाचा ठिपका नाही, जशा काही लग्नाला निघाल्यात. तळ्यात बर्फाचा डोंगर उलटा पडलेला, इतका स्वच्छ की वरचा खरा की खालचा कळू नये. "पण दिवसभर चाललो आणि 'या, चहा घ्या' म्हणणारं कुणी भेटलं नाही. एवढं सुंदर गवत, आणि त्यावर बसलेला एक माणूस नाही. देवाने घर सजवलं आणि पाहुणे बोलवायला विसरला."

मग अमेरिकेतली ती मोठी दरी, जिथे त्यांना भाचीने नेलं होतं. "कडेला उभा राहिलो आणि पोटातलं सगळं खाली गेलं. लाल डोंगर, पिवळा डोंगर, थरावर थर, आणि पार तळाशी नदी, सुईत ओवलेल्या दोऱ्याएवढी. शाळेत मी ती काडीने दाखवायचो. माझी काडी नदीपेक्षा जाड होती हो."

ओयसारा हे सगळं ऐकत होती आणि तिच्या मनात पाल पुन्हा बोलायला लागली. तुर्गुन मास्तर हा माणसांचा भुकेला माणूस. ताश्कंदला जाऊन आले तरी कोण भेटला, काय जेवला, कुणाची सून कशी, हे आधी सांगणार. व्हेनिसचा नावाडी त्यांना आठवत होता, आल्प्सच्या गायीसुद्धा आठवत होत्या. शुहरत मात्र अजून एकदाही तोंडी आला नव्हता.

"शुहरतचं सांगा ना, मास्तर," ती म्हणाली.

"शुहरत बरा आहे. अंगाने भरलाय." मास्तरांनी रोटीचा तुकडा चहात बुडवला. "हां, तर नायगारा राहिलाच. तो धबधबा म्हणजे पाणी पडत नाही, आभाळ पडतं. माणसांना निळे पातळ कोट घालायला देतात आणि नावेतून थेट त्याच्या तोंडाशी नेतात. बोललेलं ऐकू येत नाही. उन्हाचं इंद्रधनुष्य तर असं, हात घालावा आणि..."

"शुहरत होता ना तिथे?"

"होता ना. त्यानेच नेलं. कठड्यावरून पार ओणवा झाला आणि मला म्हणतो, मास्तर, खाली बघा, खाली."

ओयसाराच्या हातातला प्याला तोंडापर्यंत गेला नाही. जर्दाळू वाळत घालायला शुहरत कधी छपरावर चढला नव्हता. शिडीच्या चौथ्या पायरीवर त्याचे गुडघे लटपटायचे; धाकटा इल्होम वरून त्याला चिडवायचा आणि हा खाली उभा राहून शिव्या द्यायचा. असा मुलगा जगातल्या सगळ्यात मोठ्या धबधब्यावर कठड्यावरून ओणवा होतो? कुठेतरी पाणी मुरत होतं, आणि ते नायगाऱ्याचं नव्हतं.

ती घरी आली ती थेट खोलीत गेली. जुनी रोटी आणि नवी रोटी एकाच खिळ्याला टांगलेल्या होत्या. इतके दिवस तिने नवीकडे फक्त प्रेमाने बघितलं होतं, नीट बघितलं नव्हतं. आता दोन्ही काढून खिडकीच्या उजेडात धरल्या. जुनीवरचा घास हातभर नाही तरी बोटभर खोल, भुकेल्या बैलाने घ्यावा तसा. शुहरत लहानपणापासून असाच खायचा. नवीवरचा घास एवढासा, आणि दातांच्या खुणा तांदळाच्या दाण्यांसारख्या बारीक. नऊ वर्षांत माणसाचं तोंड लहान होतं का?

तिने सुनेला, इल्होमच्या बायकोला, हाक मारली. मुयस्सर पीठ लागलेले हात पुसत आली.

"आई, वाळली की रोटी आक्रसते."

"रोटी आक्रसते. दात आक्रसतात का?"

मुयस्सर हळूच म्हणाली, "मास्तरांनीच चावली असेल वाटेत."

हे ओयसाराच्या मनात आधीच येऊन गेलं होतं. पण मास्तरांचे दात अंदिजानच्या डॉक्टरने बसवलेले. चहात बुडवल्याशिवाय त्यांना मऊ रोटी तुटत नाही, ही कसली तुटते. मग त्यांच्या बायकोने? तिचं तोंड तर खोसियतहून मोठं. त्यांच्या नातवाने? त्याचे पुढचे दोन दात पडलेत, खिंड दिसली असती. मग कुणाकडून चाववून आणली? आणि का? मास्तर ओहायोला गेलेच नाहीत का? की गेले, आणि तिथे शुहरत नव्हता? फोनवर आवाज येतो त्याचा, खरं आहे. पण आवाजाचं काय, आवाज कुठूनही येतो. तुरुंगातून येतो, दवाखान्यातूनही येतो.

फोन करून विचारणं सगळ्यात सोपं होतं. फोन तिने हातात घेतलाही, आणि परत ठेवला. आतापर्यंत त्याला जे जे विचारलं त्याचं उत्तर "सगळं ठीक आहे, आई" हेच आलं होतं. पुन्हा तेच आलं तर तिला त्यावर विश्वास ठेवावा लागला असता, आणि तिला तो ठेवायचा नव्हता. शिवाय भीती वाटत होती, हेही खरंच.

बुधवारी दुपारी ती नवी रोटी फडक्यात घेऊन मास्तरांच्या दारात उभी राहिली. दुसऱ्या दिवशी खोसियतकडे जायचं होतं. मास्तर मांडवाखाली एकटेच बसले होते, पुढ्यात नकाशा उघडा. तिला बघून त्यांनी तो घाईने गुंडाळला, आणि तिचा संशय आणखी बोटभर वाढला.

"ये, ओयसारा, बस. तुला ऱ्हाइन नदीचं सांगायचं राहिलं बघ. दोन्ही काठांना द्राक्षाचे मळे, प्रत्येक टेकडीवर किल्ला..."

"नद्या पुष्कळ झाल्या, मास्तर." तिने फडकं सोडून रोटी दस्तरखानावर ठेवली, चावलेली कड त्यांच्याकडे करून. "हिच्यावर हात ठेवा आणि म्हणा, हिला शुहरतने चावलं."

मास्तरांनी रोटीकडे बघितलं. हात मांडीवरून उचलला आणि पुन्हा मांडीवर ठेवला.

"मी असं कधी म्हटलं होतं?"

"नाही म्हटलंत. मान हलवलीत. ताकाला जाऊन भांडं लपवू नका. तुम्ही माझ्या मुलाकडे गेला होतात की नाही?"

"गेलो होतो."

"जिवंत आहे?"

"अगं काय बोलतेस. ठणठणीत आहे. खरंच अंगाने भरलाय." मास्तरांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. टोपीशिवाय ते एकदम म्हातारे दिसले. "दार त्यानेच उघडलं. मिठी मारली, रडला, चहा केला. मी रोटी पुढे ठेवली. त्याने ती उचलून हुंगली, कितीतरी वेळ हुंगली. आणि मग बाजूला सरकवली. म्हणाला, मास्तर, चावली तर मला यावं लागेल. आणि मी येणार नाही. तिथे त्याची बायको आहे, ओयसारा. तिकडचीच. तांबड्या केसांची, बोलायला बरी, पण आपलं एक अक्षर येत नाही. मी म्हटलं, अरे, आईच्या समाधानासाठी चाव. तर म्हणतो, फोनवर मी आईशी खोटं बोलतो, पण रोटीवर बोलवत नाही."

मांडवातून एक वाळकं पान दस्तरखानावर पडलं, ते ओयसाराने उचलून बाजूला ठेवलं. मग तिने विचारलं, "मग चावली कुणी?"

"आम्ही दोघं माना खाली घालून बसलो होतो. तेवढ्यात आतून एक चिमुरडी आली, चारेक वर्षांची. पायात एकच मोजा. कुणाला विचारलं नाही, सवरलं नाही, दोन्ही हातांनी रोटी उचलली आणि चावली. आम्ही बघतच राहिलो. वर बापाला काहीतरी म्हणाली. मी विचारलं, काय म्हणते? शुहरत म्हणाला, आणखी हवी म्हणते. मी म्हटलं, नाही बाळा, आता बाकीची तिकडे येऊन खायची."

"असं म्हणालात?"

"तोंडातून निघून गेलं. शुहरतने ते तिला तिच्या भाषेत सांगितलं की नाही, मला माहीत नाही."

"नाव काय तिचं?"

"सांगितलं तिने. मला उच्चारता आलं नाही."

"जन्मभर भूगोल शिकवलात," ओयसारा म्हणाली, "जगातल्या सगळ्या नद्या पाठ, आणि माझ्या नातीचं नाव उच्चारता येत नाही." आणि मग तिला रडू आलं. तिने ते थांबवलं नाही.

मास्तर बोलत राहिले. आता कोंबडं झाकून उपयोग नव्हता. "शुहरत म्हणाला होता, मी स्वतः सांगेन, तुम्ही बोलू नका. मी वाट बघितली. त्याने सांगितलं नाही, आणि तू रस्त्यात रोटी बघून रडलीस तेव्हा माझी जीभच उचलेना. कठड्याची थाप तेवढी मी मारली. नायगाऱ्याला मला भाचीने नेलं. आयुष्यभर ज्याची वाट बघितली तो धबधबा समोर, आणि मी दोन्ही हातांनी कोट आवळून उभा, आतली रोटी भिजू नये म्हणून. व्हेनिसला तेच, आल्प्सला तेच. डोंगर दिसला की वाटायचं, किती सुंदर, आणि लगेच वाटायचं, ओयसाराला काय सांगू. पुलावाच्या वेळी जे सांगितलं ना, ते मी इथे बसून नकाशा उघडून पुन्हा बघितलं, तेव्हा कुठे दिसलं."

ओयसाराने डोळे पुसले. आता तिला राग आला, आणि तो तिने गिळला नाही. "आणि झुलहुमोर? उद्या तिच्या नावाने रोटी मोडणार होते मी. तुम्ही पुलाव खात बघत बसला असतात. नऊ वर्षं मी रोटी टांगली, तुम्ही जिवंत पोरगी खिळ्याला टांगायला निघालात, मास्तर."

मास्तरांनी मान खाली घातली. या वेळी ती कशी हलली, हे तिने नीट बघितलं.

घरी न जाता ती थेट खोसियतकडे गेली, कारण घरी गेली असती तर पाय पुन्हा निघाले नसते. खोसियत दुसऱ्या दिवसासाठी पीठ मळत होती. ओयसाराने उभ्याउभ्याच सांगितलं: शुहरतला बायको आहे, मुलगी आहे, तो येणार नाही. खोसियतचे हात पिठात थांबले.

"माझ्या पोरीला तू सांग," ती म्हणाली. "मला जमणार नाही."

झुलहुमोर मागावर होती. ओयसाराने तिच्याजवळ बसून पुन्हा सगळं सांगितलं. मुलीने धोटा सोडला नाही. दोन ओळी विणल्या, मग म्हणाली, "बरं, खाला." आणि थोड्या वेळाने, मागाकडेच बघत, "तो येईल असं मला कधीच वाटलं नव्हतं. तुमच्याकडे बघून हो म्हटलं होतं." ओयसाराने तिच्या डोक्यावर हात ठेवला. त्याहून जास्त काही देण्यासारखं तिच्याकडे नव्हतं.

संध्याकाळी तिने जुनी रोटी खाली काढली. तिचा एक कोपरा चहात भिजवून स्वतः खाल्ला, आणि बाकीची चुरून उंच कुंपणावर चिमण्यांना टाकली, पायदळी येऊ नये म्हणून. दगड झाली होती, हाताला लागत होती. मुयस्सर मदतीला आली तेव्हा तिने तिला परत पाठवलं.

मग तिने इल्होमला हातोडी आणायला सांगितली. तो नेहमीच्या उंचीवर, जुन्या खिळ्याशेजारी दुसरा खिळा ठोकायला लागला.

"तिथे नको. खाली."

त्याने वीतभर खाली धरला.

"अजून खाली. इथे." तिने स्वतःच्या कमरेजवळ हात धरून दाखवला.

"इथे मांजर ओढून नेईल, आई. कुणाचा हात पोचायचाय इतक्या खाली?"

"जिने चावली तिचा."

इल्होमने मुयस्सरकडे बघितलं. ओयसाराने सुनेला सांगितलेली दुपारपासूनची गोष्ट त्याला तिच्याकडून कळली होती. "ते लोक येतील असं वाटतं तुम्हाला?" त्याने विचारलं. "आणि आले तरी, येईपर्यंत ती मोठी नाही का होणार?"

"मोठी झाली तर वाकेल," ओयसारा म्हणाली. "ठोक तू."